तारण गेलेल्या पाटल्या : कोल्हापुरातील एका ख्रिस्ती कुटुंबातील क्षमेचे प्रकरण

हे प्रकरण एका बहिणीचे आणि तिच्या धाकट्या भावाचे आहे. मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या समूहाचा, वडील (जबाबदार ज्येष्ठ) या नात्याने घरोघरच्या तंट्यांत बसण्याचे काम माझ्याकडे बरीच वर्षे आहे आणि त्या कामात जे पाहिले त्यातूनच हा मजकूर तयार झाला आहे. कोणत्याही एका घराकडे बोट दाखवता येऊ नये म्हणून एकाहून अधिक घरांतले तपशील यात एकत्र केले आहेत आणि नावे कोठेही दिलेली नाहीत. बहिणीला तिचा भाऊ ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने, म्हणजे अक्का, असे मी तिला येथे म्हणणार आहे.

प्रकरण तसे पाहिले तर रोजच्या जगण्यातलेच आहे. येथे कोणाचा जीव गेलेला नाही, कोर्टाची पायरी कोणी चढलेले नाही आणि वर्तमानपत्रात छापून यावे असे काही घडलेले नाही. तरीही ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण आपल्या ख्रिस्ती घरांत क्षमेविषयी बोलणे पुष्कळ होते, पण क्षमा करायची म्हणजे आधी काय करायचे, मग काय करायचे आणि कशाची सक्ती करायची नाही, हे फारसे कोणी सांगत नाही. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की ज्याचा हिशेब केलेला नाही ते देणे खऱ्या अर्थाने सोडताच येत नाही. मंडळीतले बरेच भले लोक ‘क्षमा करा’ असे म्हणत हिशेबच टाळायला लावतात, आणि त्यामुळे दोन माणसांमधली भिंत पडण्याऐवजी अधिक जाड होते.

घर आणि पाटल्या

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. त्या कामातून येथे रुजलेला मराठी ख्रिस्ती समाज संख्येने लहानच राहिला आहे. एवढ्या लहान समाजात प्रत्येक घर दुसऱ्या घराला कोणत्या तरी नात्याने लागते. बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मातीला तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात. याचा आधार मोठा असतो, पण भावंडांत बिनसले की तोच आधार ओझे होतो, कारण रविवारी एक भाऊ उजवीकडच्या बाकावर आणि बहीण डावीकडच्या बाकावर बसली, तर ते पहिल्या गीताच्या आतच सगळ्यांच्या लक्षात आलेले असते.

अक्का परिचारिका आहे आणि राजारामपुरीत राहते. भावाचे शिवाजी उद्यमनगरात पॅटर्न बनवण्याचे छोटे वर्कशॉप आहे. फौंड्रीत ओतकाम करण्यापूर्वी वाळूच्या साच्यात ज्याचा ठसा घ्यायचा तो लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा नमुना म्हणजे पॅटर्न. हे काम बारकाईचे आहे, त्यात हाताला किंमत आहे, पण फौंड्रीला ऑर्डर नसेल तर पॅटर्नवाल्याकडे कोणी फिरकत नाही. वडील वारल्यानंतर आई भावाकडे, शाहूपुरीत राहते. आईच्या दोन पाटल्या, मिळून चार तोळ्यांच्या, भावाच्या घरी कपाटात एका डबीत असत. नातीच्या, म्हणजे अक्काच्या मुलीच्या दृढीकरणाच्या (मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) दिवशी आईने घरच्या सगळ्यांसमोर सांगितले होते की या पाटल्या हिच्या लग्नात हिच्या हातात घालायच्या.

२०२० साली टाळेबंदी आली. फौंड्र्या आधी बंद राहिल्या आणि उघडल्या तेव्हाही काम निम्म्यावर आले. दोन कामगारांचा पगार थकला, वर्कशॉपचे भाडे थकले, मुलांची फी थकली. त्या वर्षी ऑक्टोबरात भावाने पाटल्या एका पतसंस्थेत तारण ठेवून एक लाख चाळीस हजार रुपये उचलले. तोळ्याचा भाव तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास होता. हिवाळ्यात काम आले की सोडवून आणू, असे त्याच्या मनात होते, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो. फसवायचेच असे ठरवून तो गेलेला नव्हता. पुढे जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले, घराची दुरुस्ती उभी राहिली आणि व्याज भरणे थांबले. २०२२ मध्ये लिलावाची नोटीस आली. भावाने ती कोणाला दाखवली नाही. पाटल्या गेल्या.

आईच्या लक्षात येऊ नये म्हणून त्याने बाजारातून मुलाम्याच्या, त्याच घडणीच्या दोन पाटल्या आणून त्या डबीत ठेवल्या. भावजयीला हे माहीत होते.

मे २०२३ मध्ये भाचीचे लग्न ठरले. मुलीच्या मनगटाला पाटल्या सैल होतील असे वाटून अक्काने त्या आईकडून मागून घेतल्या आणि मुलीला घेऊन ती गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सराफाकडे गेली. सराफाने पाटली हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला, कसोटीच्या दगडावर एकदा घासली, मग दुसरी घासली. त्याने काही न बोलता दोन्ही पाटल्या पुन्हा डबीत ठेवल्या, झाकण लावले आणि डबी अक्काकडे सरकवली. ‘बाई, घरी एकदा विचारून घ्या,’ एवढेच तो म्हणाला. मुलगी शेजारी उभी होती. अक्काने नंतर मला सांगितले की सोने गेल्याचे तिला त्या क्षणी कळलेसुद्धा नव्हते. आपल्याच माणसाने आपल्या मुलीसमोर आपल्याला असे उभे केले, एवढेच तिला कळले.

घाईची क्षमा

त्या संध्याकाळी भावाने सगळे कबूल केले, म्हणजे तसे त्याला वाटले. तासभर तो बोलत होता: टाळेबंदी, कामगार, पूर, फी. शेवटी तो म्हणाला, ‘अक्का, काही चुकलं असेल तर माफ कर.’ अक्काने त्यावर जे उत्तर दिले ते या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत नेमके वाक्य आहे असे मला वाटते. ती म्हणाली, ‘कारणं सगळी सांगितलीस, खरं काय केलंस ते सांगितलंच नाहीस.’

यानंतरचे तीन महिने वाईट गेले, आणि त्यात भावापेक्षा इतरांचा वाटा अधिक होता. आईने त्याच रात्री मुलाला पोटाशी धरले आणि मुलीला सांगितले, ‘मी सोडलं, तूपण सोड. सोन्यापायी रक्त तोडू नकोस.’ आईचे हे बोलणे मायेचे होते आणि पाटल्या कायद्याने तिच्याच होत्या, त्यामुळे तिला सोडण्याचा अधिकारही होता. परंतु आईने आपले नुकसान सोडले म्हणजे अक्काचे दुःख आपोआप सुटत नाही. प्रत्येकाला आपल्याला झालेली इजाच क्षमा करता येते. दुसऱ्याच्या वतीने कोणी क्षमा करू शकत नाही आणि दुसऱ्याने केली म्हणून आपण केलीच पाहिजे असेही होत नाही. अक्काच्या वाट्याला आलेली इजा सोन्याची नव्हतीच फारशी. तिला खोट्या पाटल्यांची डबी दिली गेली होती.

मग ही गोष्ट महिलांच्या प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून मांडली गेली. कोणी मांडली हे सांगण्यात अर्थ नाही. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात येशूने दिलेला क्रम अगदी स्पष्ट आहे: भावाने अपराध केला तर आधी त्याला एकांतात गाठ, ऐकले नाही तर एकदोन जणांना बरोबर ने, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. आमच्याकडे हा क्रम बहुधा उलटा चालतो. मंडळीला आधी कळते, एकदोन जण नंतर समजवायला जातात आणि ज्या दोघांनी एकांतात बोलायचे ते शेवटपर्यंत बोलत नाहीत. प्रार्थनेच्या नावाने दुसऱ्याचे घर उघडे करणे हा अपराधच आहे, आणि तो प्रार्थनेत घडतो म्हणून हलका होत नाही.

अक्काच्या सासरच्या एका नातलगाने पोलिसांत तक्रार करण्याचा सल्ला दिला. त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत विश्वासाने सोपवलेल्या मालमत्तेच्या अपहाराला कलम ४०६ खाली शिक्षा होती, त्यामुळे सल्ला अगदीच अनाठायी नव्हता. हे कानावर जाताच मंडळीतील काही लोक बायबलमधील, प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय घेऊन अक्काच्या दारात उभे राहिले: भावाने भावाविरुद्ध न्यायालयात जाऊ नये, त्यापेक्षा अन्याय सोसावा. हा अध्याय असा अर्धाच वाचला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते. पौल त्या अध्यायात आधी मंडळीला लाज वाटेल असा प्रश्न विचारतो: तुमच्यात भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा माणूस नाही काय? आणि अन्याय सोसा असे सांगून झाल्यावर लगेच तो दुसऱ्या बाजूला वळून म्हणतो की तुम्ही स्वतःच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्याच भावांना. न्यायालयात जाऊ नका असे सांगण्याचा अधिकार ज्या मंडळीला हवा असेल तिने आधी स्वतः बसून न्याय करण्याची तयारी ठेवली पाहिजे. ती तयारी नसताना दुखावलेल्या माणसाला वचन ऐकवणे म्हणजे त्याचे तोंड बंद करणे आहे.

या काळात अक्का उपासनेला येत असे, पण प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळी उठून बाहेर जात असे. लोकांनी त्याचा अर्थ ‘मनात कडवटपणा धरून बसली आहे’ असा लावला. मला तो तिचा प्रामाणिकपणा वाटला. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस सोडले आहे’ ही प्रभूच्या प्रार्थनेतली ओळ सर्वांबरोबर म्हणायची आणि मग भाकर हातात घ्यायची, हे तिच्याने होत नव्हते, कारण ती ओळ ती गंभीरपणे घेत होती.

हिशेब

ऑगस्ट २०२३ मध्ये पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, दोघांना विचारून बैठक ठरवली. ती भावाच्या घरी नाही, अक्काच्या घरी नाही आणि चर्चमध्येही नाही, अशा एका तिसऱ्या ठिकाणी झाली. पाळकसाहेब, मी आणि ही दोन भावंडे, एवढेच होतो. आईला मुद्दाम बोलावले नव्हते. ती समोर असती तर भाऊ रडला असता, अक्का गप्प बसली असती आणि बैठक दहा मिनिटांत संपली असती.

पाळकसाहेबांनी मत्तय १८ मधला निर्दय दासाचा दाखला वाचला. हा दाखला आपण शेकडो वेळा ऐकलेला असतो, पण त्याची सुरुवात सहसा कानाआड होते. राजाला आपल्या दासांकडून हिशेब घ्यावासा वाटला, अशी ती सुरुवात आहे. दहा हजार तालांत हा आकडा आधी पुढे येतो आणि मग राजा तो सोडतो. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. म्हणजे दासावर सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके देणे होते, जे कोणत्याही माणसाच्या हयातीत फिटणारे नाही. देवाने आपल्याला केलेल्या क्षमेचे मोजमाप येशूने असे मांडले. पण दुसरा आकडाही तितकाच लक्ष देऊन वाचावा. क्षमा मिळालेल्या त्या दासाने आपल्या सोबतीच्या दासाला ज्यासाठी तुरुंगात टाकले ते देणे शंभर दीनारांचे होते. शंभर दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून अधिक कमाई. उद्यमनगरातल्या कोणत्याही कामगाराला विचारा, ही रक्कम किरकोळ नाही. येशूने दुसऱ्या दासाचे देणे चिल्लर म्हणून उडवून लावलेले नाही. ते खरे देणे होते, पहिल्याच्या तुलनेत अत्यल्प असले तरी. म्हणूनच ‘देवाने तुला एवढी क्षमा केली, मग हे काय घेऊन बसलीस’ असे म्हणणारा माणूस दाखल्याचा अर्धाच भाग घेऊन बोलत असतो.

वाचन झाल्यावर पाळकसाहेबांनी भावासमोर मुलांच्या वहीचे एक पान ठेवले आणि सांगितले की जे केले ते लिही, का केले ते लिहू नको. त्याला बराच वेळ लागला. दोनदा त्याने ‘परिस्थितीमुळे’ असे लिहून खोडले. शेवटी पानावर चार वाक्ये राहिली: आईने भाचीसाठी ठेवलेल्या चार तोळ्यांच्या पाटल्या मी न विचारता तारण ठेवल्या. लिलावाची नोटीस आल्यावर मी ती लपवली. आईला कळू नये म्हणून मी खोट्या पाटल्या डबीत ठेवल्या. त्याच डबीसह अक्का गुजरीत जाणार आहे हे मला आदल्या दिवशी माहीत होते आणि मी गप्प बसलो.

चौथे वाक्य त्याने त्या दिवसापर्यंत कोणालाही सांगितलेले नव्हते. ते वाचून अक्काचा चेहरा पडला, पण त्यानंतर तिचा आवाज बदलला हेही मला सांगितले पाहिजे. तीन महिने ती ज्या गोष्टीभोवती फिरत होती, तिचे नाव कोणी घेत नव्हते, ती गोष्ट आता पानावर होती. एखाद्याची परिस्थिती समजून घेणे चांगलेच आहे, पण समजून घेतल्याने अपराधाचे ओझे फक्त हलके होते. उरते तेवढ्याच भागाला क्षमा लागते. टाळेबंदीत तारण ठेवणे अक्का समजून घेऊ शकत होती आणि तिने घेतलेही. आदल्या दिवशी गप्प बसणे समजून घेण्यासारखे नव्हते. तेथे क्षमाच लागणार होती.

मग भरपाईचा प्रश्न आला आणि येथे हिशेब अधिक बारीक झाला. भावाचे म्हणणे असे की आपण एक लाख चाळीस हजार उचलले, तेवढे परत करू. परंतु तारणावर मिळणारे कर्ज सोन्याच्या किमतीपेक्षा नेहमीच कमी असते. त्याने उचललेला पैसा आणि घरातून गेलेला ऐवज या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तारण ठेवताना चार तोळ्यांची किंमत दोन लाखांच्या घरात होती, आणि बैठकीच्या दिवशी तोळ्याचा भाव साठ हजारांच्या आसपास असल्याने तीच किंमत दोन लाख चाळीस हजारांवर गेली होती. अक्का म्हणाली की तिने मुलीला रुपये कबूल केलेले नव्हते. अखेर हिशेब रुपयांत न ठेवता ग्रॅममध्ये ठेवायचा असे ठरले: चाळीस ग्रॅम, दर सहा महिन्यांनी पाच ग्रॅमचे नाणे, पहिला हप्ता जानेवारी २०२४ मध्ये. हे कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. भावाबहिणीत कागद कशाला, असे नंतर पुष्कळांनी विचारले. उधारीच्या वसुलीला मुदतीच्या कायद्याने सामान्यतः तीन वर्षांची मर्यादा असते आणि देणेकऱ्याने मुदतीच्या आत लेखी कबुली दिली की ती नव्याने सुरू होते, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते; पण माझ्या दृष्टीने खरे कारण वेगळे होते. तोंडी ठरलेल्या गोष्टी प्रत्येकाच्या आठवणीत आपापल्या सोयीने वळतात आणि सहा महिन्यांनी त्यातून नवा अपराध जन्माला येतो. कागद भावाच्याही रक्षणासाठी होता. किती देणे बाकी आहे हे माहीत असलेल्या माणसाला मान वर करून चालता येते.

जकातदार जक्कयाची गोष्ट आपण मुलांना संडेस्कूलमध्ये शिकवतो. त्याने ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देण्याचे जाहीर केले आणि त्यानंतर येशू म्हणाला की आज या घराला तारण (उद्धार) झाले आहे. येशू त्याच्या घरी आधीच गेला होता, म्हणजे कृपा भरपाईच्या आधी आली, हे खरे. पण कृपा आली म्हणून भरपाई रद्द झाली नाही, उलट तिच्यामुळेच जक्कयाचा हात खिशाकडे गेला. भावाच्या बाबतीतही मला हेच दिसले. मे महिन्यात ‘माफ कर’ म्हणताना त्याने पैशाचा विषयही काढला नव्हता. वहीचे पान लिहून झाल्यावर मात्र सहा महिन्यांऐवजी चार महिन्यांचा हप्ता करू, असे तोच म्हणत होता, आणि त्याला ते झेपणार नाही म्हणून आम्हीच थांबवले.

क्षमा आणि विश्वास

अक्काने क्षमा केव्हा केली, याचे उत्तर एका तारखेने देता येत नाही. त्या बैठकीत तिने ती केली नाही आणि आम्हीही ती मागितली नाही. सप्टेंबरच्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी ती भावाच्या वर्कशॉपवर एकटीच गेली. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात असे आहे की वेदीपाशी दान आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. नियमाने पाहिले तर जायचे भावाने होते. पण तो लाजेने येणार नाही हे तिला माहीत होते. लाकडाच्या भुशात उभे राहून तिने त्याला एवढेच सांगितले: ‘मी ठरवलंय की हे तुझ्यावर धरणार नाही. राग अजून जात नाही, पण ते माझं मी बघते.’

ठरवणे आणि वाटणे यांतला हा फरक तिने स्वतः शोधला होता. एव्हरेट वर्दिंग्टन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, जे स्वतः ख्रिस्ती आहेत आणि ज्यांच्या आईची १९९६ च्या नववर्षाच्या सुमारास घरफोडी करणाऱ्याने हत्या केली, त्यांनीही आपल्या अभ्यासात निर्णयाने केलेली क्षमा आणि भावनेने पूर्ण झालेली क्षमा या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या आहेत. निर्णय एका दिवसात होऊ शकतो; भावना आपल्या गतीने मागून येते. येशूने दाखल्याच्या शेवटी ‘मनापासून’ क्षमा करण्यास सांगितले आहे आणि पेत्राला सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितले आहे. हा आकडा वेगवेगळ्या अपराधांसाठी आहेच, पण एकच अपराध पुन्हा पुन्हा आठवतो तेव्हा पुन्हा पुन्हा तोच निर्णय करावा लागतो, असाही त्याचा उपयोग अक्काला झाला. गुजरीच्या रस्त्याने जाताना तिला दर वेळी ते दुकान दिसत असे.

तिने प्रभुभोजन घेतले. डिसेंबरात लग्न झाले. मुलीच्या हातात अक्काच्या स्वतःच्या पाटल्या होत्या आणि मामा पहिल्या रांगेत बसला. लोकांना वाटले की सगळे मिटले. येथेच मंडळीचा दुसरा गोंधळ समोर आला. नाताळच्या फराळाला अक्का भावाकडे गेली, करंज्या खाल्ल्या, भाच्यांना कपडे दिले, पण आईचे उरलेले दागिने आणि ठेवीच्या पावत्या तिने आईच्या संमतीने आपल्या नावच्या लॉकरमध्ये हलवल्या. ‘मग कसली क्षमा केली?’ असे तिला तोंडावर विचारले गेले. मला हा प्रश्न अन्यायाचा वाटतो. क्षमा ही देणगी आहे, ती समोरच्याची लायकी न पाहता देता येते. विश्वास हा मात्र समोरच्याच्या वागण्यातून उभा राहतो आणि त्याला वेळ लागतो. बायबलमधल्या योसेफाने, पूर्वी आपल्याला विकून टाकलेल्या भावांना मिसरात ओळखले, पण लगेच ओळख दिली नाही. त्याने त्यांना धान्य दिले, त्यांचे पैसे गुपचूप परत केले, एकट्याने जाऊन रडला, आणि तरीही धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या, निमित्ताने त्यांची परीक्षा घेतली. बन्यामिनाऐवजी मी दास होऊन राहतो असे त्या भावांपैकी यहूदा म्हणाला, तेव्हा कोठे योसेफाला कळले की आपल्याला विकणारे भाऊ आता तेच राहिलेले नाहीत. योसेफाच्या मनात त्याआधी क्षमा नव्हती असे मला वाटत नाही.

याच कारणाने एक गोष्ट येथे स्पष्ट लिहितो. ज्या घरात मारहाण होते तेथे स्त्रीला क्षमेच्या नावाने परत पाठवणे हे पाप आहे. मनातला सूड सोडून देणे आणि धोक्याच्या ठिकाणी जाऊन राहणे यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचा आधार घेणारी ख्रिस्ती स्त्री कोणत्याही वचनाचा भंग करत नाही.

भावाने लॉकरची गोष्ट मनाला लावून घेतली नाही. त्यानेच आईला सांगितले की दागिने अक्काकडे असू देत. पश्चात्तापाची खूण मला कोठे दिसली असे विचारले तर मी हीच सांगेन: आपल्यावर लगेच विश्वास ठेवावा असा हट्ट त्याने धरला नाही.

सोन्याचा भाव

हप्ते वेळेवर येत राहिले. पण २०२४ आणि २०२५ मध्ये सोने असे चढले की ग्रॅममध्ये केलेला करार भावाच्या गळ्याशी आला. पहिल्या पाच ग्रॅमला त्याला एकतीस-बत्तीस हजार मोजावे लागले होते. २०२५ च्या जुलैमध्ये चौथा हप्ता देताना तोळा लाखाच्या घरात होता आणि पुढे तो लाखावर गेला. अर्धे देणे फिटले होते, वीस ग्रॅम उरले होते, आणि हे उरलेले अर्धे आधीच्या अर्ध्याहून कितीतरी जड झाले होते. भाऊ काही बोलला नाही. वर्कशॉपमधले एक मशीन विकायला काढल्याचे अक्काला बाहेरून कळले.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात हिशेबाचा कागद होता. उरलेले सगळे सोडून द्यावे का, असे तिने विचारले. मी तिला उलट विचारले की ते सोडण्याचा अधिकार तुझा आहे का, कारण पाटल्या मुलीला कबूल केलेल्या होत्या. त्यावर तिने स्वतःच मार्ग काढला. उरलेले वीस ग्रॅम भावाने २०२३ च्या दराने, म्हणजे तोळ्याला साठ हजार धरून रुपयांत द्यावेत. भाव वाढल्याचा फरक ती आपल्या पगारातून घालून मुलीचे सोने पुरे करील. तोळा लाखाला धरला तरी हा फरक ऐंशी हजारांचा होता. तिने तो कागदावर मांडला, बेरीज तपासली आणि मग खाली सही केली.

क्षमेची किंमत क्षमा करणारा भरतो हे आपण वधस्तंभाविषयी बोलताना नेहमी म्हणतो. या प्रकरणात ती किंमत मला आकड्यात दिसली. मे २०२३ मध्ये आईच्या आग्रहाखातर अक्काने ‘सोडलं’ म्हटले असते, तर आपण काय सोडतो आहोत हे तिलाही माहीत नसते आणि आपल्याला काय सोडले गेले हे भावालाही कळले नसते. आता दोघांनाही ते रुपयापर्यंत माहीत आहे. मशीन विकले गेले नाही.

जे अजून राहिले आहे

भाचीने मामाला क्षमा केलेली नाही. ती पुण्यात असते, मामाचा फोन घेते, विचारपूस करते आणि ठेवून देते. अक्काने तिला एकदाही ‘मी केली, तू का नाही’ असे म्हटलेले नाही, आणि आईने आपल्याला जे म्हटले ते आपण मुलीला म्हणायचे नाही हे तिने ठरवूनच टाकले आहे. भाची आपल्या वेळेने येईल किंवा येणार नाही. मामाने तिला स्वतंत्र पत्र लिहावे असे मी त्याला सुचवले आहे, वहीच्या पानावर लिहिले होते तसेच, कारणांशिवाय.

भावजयीचे काय, हा प्रश्न मात्र आमच्या बैठकीत राहूनच गेला होता आणि तो अक्काने अलीकडे पुढे आणला. भावजयीला सगळे माहीत होते आणि खोट्या पाटल्या निवडायला ती नवऱ्याबरोबर गेली होती. तिने आजवर एक शब्दही काढलेला नाही. नवऱ्याने सांगितले म्हणून गप्प राहिले, असे ती मनातल्या मनात स्वतःला समजावत असावी, आणि आपल्या घरांतली सुनांची स्थिती पाहता त्यात तथ्यही असेल. अक्काला तिच्याविरुद्ध बैठक नको आहे. मत्तय १८ मधली पहिली पायरी, एकांतात गाठण्याची, आजवर या घरात कोणीच नीट चढलेले नाही, तेव्हा ती आपण चढून पाहू, असे ती म्हणते. येत्या आठवड्यात भाऊ वर्कशॉपवर आणि मुले शाळेत असतील अशा वेळी ती शाहूपुरीत जाणार आहे. मला बरोबर येण्यास तिने सांगितलेले नाही, आणि या पायरीवर माझे काही काम नाही.